मोंढ्याचा भाव, मार्टची ऑफर आणि मोबाइलमधलं कूपन : महिन्याच्या सामानात खरे पैसे कसे वाचवायचे

‘१५०० रुपयांच्या खरेदीवर १५० रुपये सूट’ असा मेसेज येतो. घरची यादी असते १२४० रुपयांची. मग दुकानात गेल्यावर उरलेल्या २६० रुपयांचं काय घ्यावं याची शोधाशोध सुरू होते. बिस्किटांचा मोठा पुडा, सॉसची बाटली, फरशी पुसायचं काहीतरी नवीन. बिल होतं १५१०, सूट जाऊन १३६०. बिलावर ठळक अक्षरांत ‘तुमची बचत १५० रुपये’ असं छापलेलं असतं आणि खिशातून मात्र १२० रुपये जास्त गेलेले असतात.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. वरचा २७० रुपयांचा माल सॉस-बिस्किटांऐवजी पुढच्या महिन्यात लागणारच अशी साखर, कपड्यांचा साबण, चहापत्ती असता, तर २७० चा माल १२० ला पडला असता. असा सौदा सोडू नये. म्हणजे कूपन तेच, रक्कम तीच, फरक फक्त एवढाच की जास्तीचं सामान घरात ठरलेलं होतं की दुकानात सुचलं. म्हणून या लेखात कूपन बरंच पुढे येतं. आधी आपला भाव आपल्याला माहीत असायला हवा, मग कुठली वस्तू कुठून घ्यायची ते ठरवायचं आणि मग त्यावर कूपन लावायचं. उलट्या क्रमाने गेलं की कूपन आपल्याला वापरतं.

पहिलं काम : भाववही

शंभर पानी साधी वही पुरते. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण घरातल्या सगळ्यांना दिसावं म्हणून वही बरी. घरात दर महिन्याला हमखास येणाऱ्या वीस-पंचवीस वस्तू लिहायच्या : ज्वारी, गहू, तांदूळ, तूर डाळ, हरभरा डाळ, मूग डाळ, साखर, गूळ, शेंगदाणे, तेल, चहापत्ती, पोहे, रवा, मीठ, हळद, तिखट, अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल, शाम्पू. प्रत्येकीसमोर तीन रकाने : कुठे घेतली, किलोला किंवा लिटरला काय पडली, तारीख.

यात एक पथ्य पाळावं लागतं. पाकिटाची किंमत लिहायची नाही, किलोचा भाव लिहायचा. ४०० ग्रॅमचा पुडा ९६ रुपयांना आला तर वहीत २४० लिहायचे. दोन-तीन महिन्यांत वही बोलायला लागते. तूर डाळ आपल्याकडे कुठल्या भावाला ‘स्वस्त’ म्हणायची हे मग जाहिरातीने सांगावं लागत नाही.

जुने भाव अधूनमधून तपासत राहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. वहीत त्याआधीचा भाव असेल, तर करकपातीमुळे उतरलेली किंमतही तुम्हाला ‘ऑफर’ वाटेल. त्या वस्तूंचे रकाने नव्याने भरा.

पाकिटावरची बारीक अक्षरं

पाकीटबंद मालावर एमआरपी असते हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याच आसपास आता आणखी एक आकडा छापलेला असतो : एकक विक्री किंमत. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमला आणि त्याहून मोठ्या पाकिटावर दर किलोला किती पडतात ते तिथे लिहिलेलं असतं. पातळ वस्तूंना तसंच मिलिलिटर आणि लिटर. एका पुड्यावर ग्रॅमचा भाव आणि दुसऱ्यावर किलोचा असला की गोंधळ होतो. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणायचं, झालं. हा आकडा एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाची सूट त्यात धरलेली नसते. त्यामुळे सूट असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकदा भागाकार करावाच लागतो.

मोठं पाकीट स्वस्त, हा समज बहुतेक वेळा खरा आणि कधीकधी साफ खोटा असतो. शाम्पू हे त्याचं नेहमीचं उदाहरण. एक-दोन रुपयांची पुडी बऱ्याचदा मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचं वेगळंच असतं. तिथे किंमत वाढवता येत नाही, म्हणून आतलं वजन घटवतात. किंमत वर्षानुवर्षं तीच दिसते, म्हणून भाव वाढलेला आपल्याला कळत नाही.

पण सगळ्यांत मोठी गफलत तेलाच्या डब्यात होते. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरचा डबा हा १५ किलोचा डबा नव्हे, त्यात तेल असतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही डबे दुकानात शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. आता समजा १५ किलोचा डबा २२५० रुपयांना आहे, म्हणजे किलोला १५० रुपये. शेजारचा १५ लिटरचा डबा २१३० ला आहे आणि त्यावर ५० रुपयांचं कूपनही आहे. कूपन लावून तो २०८० ला पडतो. बघणाऱ्याला १७० रुपये वाचल्यासारखे वाटतात. २०८० ला १३.६५ ने भागा : किलोला १५२ रुपये ३८ पैसे. कूपन लावूनही महाग! १५ लिटरचा डबा २०४७ रुपयांच्या खाली आला तरच तो घेण्यात अर्थ.

पिशव्यांचंही तेच. एक लिटरच्या पिशवीसारख्याच दिसणाऱ्या ७५०, ८००, ८५० ग्रॅमच्या पिशव्या बाजारात आहेत. ‘दुसरीपेक्षा वीस रुपये कमी’ असं कुणी सांगितलं की पिशवी उलटी करून वजन वाचायचं, मग बोलायचं.

‘२० टक्के जादा’ म्हणजे २० टक्के सूट नव्हे. १०० ग्रॅमच्या किमतीत १२० ग्रॅम मिळाले की ग्रॅममागे साधारण पावणेसतरा टक्के वाचतात. ‘५० टक्के जादा’ आणि ‘दोनवर एक मोफत’ या दोन्ही ऑफरी दिसायला वेगळ्या असल्या तरी हिशेबाला एकच, ३३ टक्के. आणि एकावर एक मोफत दिसलं की आधी पाकिटावरची तारीख बघायची. खोबरेल तेलाला दोन महिने उरले असतील तर हरकत नाही, पण दुधाच्या पावडरीचे दोन डबे तेवढ्यात संपणार आहेत का?

कुठली वस्तू कुठून

मराठवाड्यात राहणाऱ्याच्या हाताशी एक गोष्ट आहे, जी मुंबई-पुण्याच्या माणसाकडे नाही : माल जिथे पिकतो आणि जिथे दळला-भरडला जातो ते ठिकाण आपल्यापासून तास-दोन तासांवर असतं. लातूर-उदगीरला डाळ मिल आहेत, वसमत-हिंगोलीला हळद, परभणी-बीडकडे ज्वारी. पाकीटबंद ब्रँडेड तूर डाळीवर १५ टक्क्यांचं कूपन लावलं तरी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातल्या, सुट्या डाळीचा भाव अनेकदा त्याच्या खालीच असतो. समजा पाकीट १८० चं, कूपन लावून १५३, आणि मोंढ्यात फटका डाळ १४० ला. इथे कूपन वापरणं म्हणजे किलोमागे १३ रुपये जास्त देणं. डाळी, ज्वारी, गहू, हळद, चिंच, शेंगदाणे यांच्यासाठी कूपन शोधूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कूपनाचं खरं राज्य कंपन्यांच्या मालावर चालतं : साबण, पावडर, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं, डायपर, सॅनिटरी पॅड, फिनेल. या वस्तूंचा दर्जा गल्लीतल्या दुकानात आणि मोठ्या मार्टमध्ये तोच, मग जिथे कमी तिथे घ्यावं. डीमार्टसारख्या दुकानांचा धंदा मुळात कूपनावर नाही, एमआरपीपेक्षा रोजच कमी भाव लावण्यावर चालतो. तिथे कूपन शोधत बसू नये. इतर साखळी दुकानांत मात्र पॉइंट, ठरावीक वाराची सूट, बँकेचं कार्ड असं काहीबाही चालू असतं. आणि मार्टला जायचं तर तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जाण्यायेण्याचं भाडं, मुलांचं आइस्क्रीम आणि ‘आलोच आहोत तर’ घेतलेली चादर हेही बिलात धरा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, दुसऱ्या कामाला जोडून गेलात तर मार्ट परवडतं.

भाजीसाठी आठवडी बाजाराला तोड नाही. दिवे लागायच्या वेळी माल परत न्यायचा नसतो, तेव्हा टोमॅटो, मेथी, वांगी पडत्या भावात देतात. अर्थात तोवर निवडून निवडून उरलेलं असतं. रस्सा-चटणीला चालतं, भरल्या वांग्याला नाही.

राहिला गल्लीतला किराणावाला. त्याच्याकडे छापील कूपन नसतं, पण रोख पैसे हेच तिथलं सगळ्यांत मोठं कूपन आहे. आपल्याकडे सुगीवर उधारी फेडायची पद्धत जुनी आहे. पिकाचे पैसे येईपर्यंत किराणा वहीवर चालतो आणि वहीवरचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढाच असतो. ते साहजिक आहे, त्याचेही पैसे अडकलेले असतात. ज्या घराला निदान अर्धं सामान रोखीत घेणं जमतं, त्याने ते यादीसकट आधीच बोलून घ्यावं. बोलणं साधारण असं होतं :

‘शेठ, ही यादी घ्या. रोख देते, वहीत लिहायचं नाही. काय कमी होतंय सांगा.’

‘ताई, साखर-तेलात आमचंच काही सुटत नाही. मसाला, खोबरं, काजू, साबण यात बघतो.’

‘साबण डझन घेते मग. डझनावर तुम्हाला एक येतो ना वरून?’

शेठ हसतात, आणि तेरावी वडी पिशवीत पडते.

शेठ खोटं बोलत नाहीत. साखरेत, तेलात त्यांचा नफा खरंच कमी असतो, तिथे घासाघीस करून दोघांचा वेळ जातो. सुटे मसाले, सुकामेवा, खोबरं यात जागा असते. आणि कंपन्या वितरकामार्फत दुकानदाराला ‘पेटीवर एक मोफत’ अशा स्कीम देत असतात. आपण डझन किंवा पेटी घेतली की त्यातला वाटा मागता येतो, सुटी एक वडी घेऊन नाही. पुड्याला चिकटवलेला चमचा, वाटी, लहान साबण यावर ‘मोफत, विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असतं. ती वस्तू आपली आहे. पुडा मोकळा दिसला आणि त्यावर मोफतचं चित्र असलं तर विचारायला संकोच कशाला?

कूपनाच्या जाती ओळखा

सगळी कूपनं दिसायला सारखी असली तरी त्यांची किंमत सारखी नसते. सगळ्यांत उत्तम ती, जी बिलातूनच पैसे कापते. तिथल्या तिथे कमी झाले, विषय संपला.

त्याखालोखाल कॅशबॅक. पैसे आधी पूर्ण द्यायचे, मग काही दिवसांनी परत येतात. ते बँकेत येणार की त्याच ॲपच्या वॉलेटमध्ये, हे आधी वाचायचं. वॉलेटमध्ये आलेले पैसे म्हणजे पुन्हा तिथेच खरेदी करायचं आमंत्रण असतं. शिवाय कॅशबॅकला कमाल मर्यादा असते. ‘१० टक्के कॅशबॅक, जास्तीत जास्त ७५ रुपये’ असं असेल तर ७५० च्या बिलावर पूर्ण १० टक्के मिळतात, २००० च्या बिलावर ते पावणेचार टक्के होतात. अशा वेळी बिल मर्यादेजवळच ठेवायचं आणि बाकीचं सामान दुसऱ्या ऑफरमध्ये किंवा दुसऱ्या दुकानात घ्यायचं.

तिसरी जात ‘पुढच्या खरेदीवर’ची. आज २००० ची खरेदी केली की २०० चं कूपन हातात देतात, पण ते वापरायला पुढच्या वेळी पुन्हा २००० ची खरेदी लागते. म्हणजे ४००० वर २००. दहा टक्क्यांची पाटी, पदरात पाचच टक्के. त्यातही मुदत पंधरा दिवसांची असेल तर महिन्याचं सामान भरणाऱ्या घराला त्याचा उपयोग शून्य.

पॉइंटांचं गणित एका प्रश्नात संपवा : शंभर पॉइंटांचे रुपये किती? काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो सांगतो. बऱ्याच ठिकाणी उत्तर ऐकून पॉइंट विसरायला होतं. तरीही फुकट मिळतात म्हणून घ्यायचे असतील तर मोबाइल नंबर द्यावा लागतो. नंबर दिल्याशिवाय बिलच होणार नाही, असं मात्र दुकानाने म्हणू नये. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ मध्ये दुकानदारांना तशी सूचना दिलेली आहे. ‘नंबर द्यायचा नाही, बिल करा’ एवढं म्हटलं की पुरतं.

पेमेंट ॲपवरची स्क्रॅच कार्डं बहुधा तुम्हाला न लागणाऱ्या वस्तूंवरच्या सवलती असतात. चष्मा, ज्योतिष, कानातले. न उघडता सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

पाकिटाच्या आतली कूपनं आणि क्यूआर कोड हा अजून एक प्रकार. चहा, साबण, बिस्किटांच्या पुड्यात कधीमधी निघतात. पुडा फाडून कचऱ्यात टाकण्याआधी आतली बाजू बघायची सवय मुलांना लावली की हे काम आपोआप होतं. आणि दिवाळीआधी घराला रंग देणार असाल तर हे लक्षात ठेवा : रंगाच्या अनेक डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं, ते स्कॅन केलं की पैसे किंवा पॉइंट पेंटरला मिळतात. कंपनीने ते कारागिरासाठीच ठेवलेलं आहे, त्यावर हक्क सांगण्यात अर्थ नाही. पण मजुरी ठरवतानाच ‘टोकन तुमचं, मजुरीत थोडं बघा’ असं मोकळेपणाने बोलता येतं. सुतारकामाच्या गोंदाचं, वायरिंगच्या सामानाचंही पुष्कळ वेळा असंच असतं.

एकावर एक सूट कशी चढवायची

समजा सामानाची एमआरपी १००० रुपये. दुकानाची १० टक्के सूट गेली, राहिले ९००. त्यावर १०० रुपयांचं कूपन लागलं, राहिले ८००. बँकेच्या कार्डावर ५ टक्के, राहिले ७६०. एकूण २४ टक्के वाचले. जास्तीचं काही न करता एवढं मिळत असेल तर उत्तमच.

अडतं ते किमान रकमेवर. ‘१००० च्या खरेदीवर १००’ या कूपनासाठी बहुतेक ठिकाणी एमआरपीची बेरीज धरत नाहीत, सूट गेल्यावरची धरतात. वरच्या उदाहरणात ती ९०० आहे, म्हणजे कूपन लागणारच नाही. म्हणून काउंटरवर जाण्याआधी सूट गेल्यावरची बेरीज करा. आणि कूपनाखालच्या अटींत चार गोष्टी शोधा : किमान रक्कम, कमाल सूट, शेवटची तारीख, आणि ‘इतर ऑफरसोबत चालणार नाही’ हे वाक्य. बाकीचा मजकूर नाही वाचला तरी चालतो.

क्रेडिट कार्डाच्या सवलतीबद्दल कडक बोलायला हवं. महिन्याचं पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्यालाच ती सवलत. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढे. सुगीवर येणाऱ्या पैशांच्या भरवशावर कार्ड वापरणाऱ्याला पाच टक्क्यांची सूट कुठल्या कुठे वाहून जाते. त्यापेक्षा शेठची वही परवडली.

ऑनलाइन मागवताना

दहा मिनिटांत सामान आणणारी ॲपं आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांत येत नाहीत. जी येतात त्यांत किराणा दोन-चार दिवसांनी पोचतो आणि पोचवण्याचं भाडं असतं. कपड्यांच्या पावडरीवर ४० रुपयांचं कूपन आणि वर ४९ रुपये डिलिव्हरी, म्हणजे ९ रुपये आपण दिले. म्हणून किंमत बघायची ती शेवटच्या पानावरची, पैसे भरायच्या अगदी आधीची. आधी आपला पिनकोड टाकायचा, मग भाव बघायचा. पिनकोड बदलला की भाव आणि ऑफर दोन्ही बदलतात.

‘फक्त ९ मिनिटं शिल्लक’, ‘शेवटचे २ नग’, न मागता टोपलीत टाकलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पानावर उगवलेलं हाताळणी शुल्क, या युक्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’ म्हणून मनाई केली आहे. असे १३ प्रकार त्यात दिले आहेत. तरीही त्या दिसतातच. घड्याळ पळताना दिसलं की ॲप बंद करा, रात्री पुन्हा उघडा. बऱ्याचदा ते घड्याळ पुन्हा नऊ मिनिटांवर आलेलं असतं.

कूपन लावून घेतलेल्या मालातली एखादी वस्तू परत केली तर पूर्ण छापील किंमत परत येत नाही. कूपनाचा त्या वस्तूच्या वाट्याचा भाग कापून उरलेलं येतं. कपड्यांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, म्हणून मापाची खात्री नसलेला कपडा मोठ्या कूपनात बसवू नका.

पाच घरं मिळून

बचत गट आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण ते कर्ज आणि हप्त्यापुरतेच वापरले जातात. पाच घरांनी मिळून डाळीचा ५० किलोचा कट्टा घेतला की प्रत्येकी १० किलो वाट्याला येते आणि भाव घाऊक लागतो. जाणाऱ्याने तीन गोष्टी विचारायच्या : कट्टा ३० किलोचा की ५० चा, वजन बारदान्यासकट की निव्वळ, आणि हमाली-वाहतूक कुणाकडे. ती हमाली किलोवर वाटून वहीतल्या भावाशी ताडून बघायची. किलोला पाच-सहा रुपये तरी सुटत नसतील तर कशाला कट्टा उचलायचा? डाळ आल्याबरोबर काट्यावर वाटून घ्यायची आणि पैसे त्याच दिवशी द्यायचे. उशीर झाला की गट मोडतो, डाळीवरून नव्हे, पैशावरून.

कूपनाच्या बाबतीतही एकत्र येण्याचा फायदा आहे. ‘२५०० वर ३००’ अशी ऑफर एका घराला जड जाते, दोन जावांना मिळून सहज जमते. बिल एक, यादी दोन, सूट ज्याच्या-त्याच्या रकमेच्या प्रमाणात.

दुकानदार चालवतात त्या दिवाळी भिशीबद्दल थोडं सांभाळून. दरमहा ३०० भरा, ११ महिन्यांनी ३६०० चं सामान घ्या, असं त्याचं रूप असतं. भरले ३३००, मिळाले ३६०० चं. पण सामान एमआरपीने देणार की चालू भावाने? एमआरपीने दिलं तर ३०० रुपयांचा फायदा तिथेच जिरतो. आणि दुकान मधेच बंद झालं तर दाद मागायला हातात फक्त एक चिठ्ठी असते. २०१९ च्या कायद्याने नोंदणीशिवाय ठेवी गोळा करण्याच्या योजनांवर बंदी आणलेली आहे. पोस्टात आरडी काढून दिवाळीला रोखीत खरेदी केली तर वर सांगितलेली रोखीची सूटही हातात राहते.

वर्षाचं वेळापत्रक

संक्रांतीपासून होळीपर्यंत नवी तूर आणि तिची डाळ, फेब्रुवारीपासून हरभरा आणि रब्बी ज्वारी, मार्च-एप्रिलला गहू. वर्षाचं धान्य भरायचं ते याच काळात, आवक जोरात असताना. तिखटाची मिरची आणि चिंचही तेव्हाच. येसर, काळा मसाला, कुरडया, पापड उन्हाळ्यात करायचे असतात, त्याचं सामान मे महिना उजाडण्याआधी घरात हवं, मेमध्ये लग्नसराईने भाव ताणलेले असतात. हळद मार्चपासून पुढे, रब्बीचा टिकाऊ कांदा एप्रिल-मेमध्ये.

महालक्ष्म्यांच्या सणाला खोबरं, गूळ, नारळ, हरभरा डाळ सगळ्यांनाच लागते. सणाच्या आठवड्यात घेण्यापेक्षा श्रावण लागतानाच घेऊन ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दसरा-दिवाळीच्या मोठ्या सेलमध्ये घ्यायचं ते टिकणारं : साबण, पावडर, डायपर, बॅटरी, कुकरची रिंग. येळवशीच्या (वेळा अमावास्येच्या) भज्जीला लागणारं सामान सेलमध्ये कधीच नसतं, ते शेतात आणि बाजारातच मिळायचं.

भरून ठेवायचं तर टिकवणं आलं. डाळीला पोरकिडे लागले की सगळी बचत पाखडून फेकावी लागते. कडक उन्हात दोन दिवस वाळवून, पूर्ण गार झाल्यावर भरायचं. गरम भरलं की आत वाफ धरते. ज्वारी-गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, तूर डाळीला एरंडेलाचा हात. बोरिक पावडर टाकायची सवय अनेक घरांत आहे, ती टाळलेली बरी, ती पोटात जायची वस्तू नव्हे. जागा, डबे आणि ऊन यांची सोय नसेल त्यांनी तीन महिन्यांपेक्षा जास्त भरू नये.

फसव्या कूपनांपासून

दिवाळी आली की व्हॉट्सॲपवर ‘वर्धापन दिनानिमित्त ५००० चं व्हाउचर, दहा जणांना पाठवा’ छापाच्या लिंका फिरतात. खऱ्या दुकानाची ऑफर त्याच्या दुकानात किंवा त्याच्या ॲपवर असते, दहा जणांना पाठवून मिळत नाही. कॅशबॅक ‘घेण्यासाठी’ यूपीआय पिन टाका असं कुणी म्हटलं, तर तो तुमचे पैसे काढतो आहे असं समजा. पैसे येताना पिन कधीच लागत नाही. कुणी पाठवलेली एपीके (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फाइल उघडायची नाही, मग ती पाहुण्याच्या नंबरवरून का आलेली असेना. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करायचा, नंतर बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या आजी-आजोबांना हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

कबूल केलेली सूट दिली नाही तर

पाटीवर एक भाव आणि बिलात दुसरा, हे घाईच्या दिवशी होतं. काउंटरवरच बिल वाचा, घरी जाऊन नको. बोर्डाचा, शेल्फवरच्या चिठ्ठीचा आणि बिलाचा फोटो काढला की बहुतेक वेळा मॅनेजर तिथेच दुरुस्त करून देतो. एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदाच आहे, मग ते ‘थंड करण्याचे’ दोन रुपये का असेनात.

तिथे नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार मराठीतूनही सांगता येते, क्रमांक मिळतो, तो जपून ठेवायचा. त्यानेही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि घरबसल्या ऑनलाइनही दाखल करता येते. चाळीस रुपयांच्या साबणासाठी कुणी आयोगापर्यंत जात नाही हे खरं, पण मिक्सर, फ्रीज किंवा सोफ्याच्या सेलमधली ऑफर नाकारली तर जरूर जावं. त्यासाठी पक्कं बिल लागतं, कच्च्या चिठ्ठीवर काही चालत नाही. आणि थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो काढून ठेवा.